आम्ही बनवलेला मामा

आधीच सांगते, हे खरं आहे. या पेजवर लोक खाली "फेक, फेक" लिहितात ते मी वाचते बरं का. खुशाल लिहा. पण त्या दुपारी दार बडवून बडवून माझे हात सुजले होते, आणि ती सूज काही फेक नव्हती.

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवसाची गोष्ट. जागा म्हणाल तर आमचंच घर. तिसरा मजला, जिना संपला की समोरचं दार. घरात आम्ही तिघंच. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, टिल्लू. टिल्लू पाळण्यात असतानाच बाबा गेले.

त्याच्या काही महिने आधी खालच्या मजल्यावर घरफोडी झाली होती. भरदुपारी! चोर म्हणे आधी नुसते जिन्यात रेंगाळायचे. कुठल्या घरात पुरुषमाणूस नाही, ते हेरायचे.

हे ऐकलं आणि आईची झोपच उडाली.

तिने सगळ्या खिडक्यांना ग्रिल लावून घेतलं. दाराला आतून जाडजूड कडी बसवली, तीही पार वरती. टिल्लू भोळासांब, कुणालाही दार उघडेल, म्हणून त्याचा हात पोचणार नाही अशी.

तरी तिचं समाधान होईना.

मग आम्ही मामा बनवला.

आईला भाऊ नाही. सख्खा नाही, चुलतही नाही. पण जुन्या बाजारातून तिने पुरुषाचे हे एवढे मोठे बूट आणले आणि दाराबाहेर ठेवले. दोरीवर ढगळ शर्ट वाळत घातला. बेल वाजली की ती मुद्दाम मोठ्यांदा म्हणायची, "दादा, बघ रे कोण आलंय!" आणि मी मागच्या खोलीत जाऊन जाड आवाजात खोकायचे.

माझा खोकला एक नंबर होता हं. शाळेच्या नाटकात मला कायम झाडाचं काम देतात, त्याची सगळी कसर मी त्या खोकल्यात भरून काढली.

"चोरांना मामा बनवायला आपण मामा बनवला," मी म्हणायचे.

"दात काढू नकोस. कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"मामा उंच आहे. कमी बोलतो. मागच्या खोलीत झोपलाय."

"शाब्बास."

टिल्लूला मात्र ते सगळं खरंच वाटलं. त्याने मागच्या खोलीतल्या पलंगावर स्वतःची उशी नेऊन ठेवली. मामाला.

एके दिवशी बेल वाजली. आईने हाक मारली, "दादा, बघ रे..."

मागच्या खोलीतून खोकला आला.

मी स्वयंपाकघरात होते. हातात पाण्याचा ग्लास. टिल्लू माझ्या शेजारी. आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.



खोली उघडून पाहिली. कुणी नाही. उशीवर मात्र मधोमध खळगा...

पुढच्या आठवड्यात पार्सलवाल्याचा फोन आला. "मॅडम, पार्सल तुमच्या भावाकडे दिलं हां." तेव्हा आई कारखान्यात शिलाई मशीनवर होती, आम्ही दोघं शाळेत. घराला कुलूप.

घरी आलो. पार्सल टेबलावर होतं.

मी म्हटलं, "आई, ते बूट फेकून दे. आत्ताच्या आत्ता."

आईने दाराबाहेरचे बूट नीट जोडून ठेवले. मग म्हणाली, "राहू दे."

त्या रात्री ती गाढ झोपली. कितीतरी महिन्यांनी.

आता त्या दिवसाकडे येते.

टिल्लूला दमा आहे. सर्दी झाली की छाती शिट्टीसारखी वाजते. त्या दिवशी त्याला शाळेत पाठवलं नव्हतं. आईला सुट्टी मिळेना, माझा पेपर. थोडाच वेळ तो एकटा राहणार होता. निघताना जिन्यात एक अनोळखी माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून उभा दिसला. आई दारातच थांबली आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात आत म्हणाली,

"दादा, टिल्लूला सांभाळ. कुणीही आलं तरी दार उघडू नकोस. अगदी आमच्या आवाजात हाक मारली तरी नाही! हल्ली चोर काहीही सोंगं काढतात."

आणि तो माणूस खाली उतरल्यावर तिने दार ओढून बाहेरून किल्ली फिरवली.

पेपर देऊन मी उड्या मारत आले. येताना टिल्लूचा दम्याचा नवा पंप घेतला, जुना संपत आला होता म्हणून. किल्ली फिरवली. कुलूप उघडलं.

दार हललं नाही.

आतून कडी लागली होती. ती वरची कडी.

"टिल्लू?"

आतून शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. "ताई... पंप... संपला."

"खुर्ची घे! वर चढ, कडी काढ!"

"मामा... नको म्हणतो."

 नवा पंप माझ्या मुठीत होता. मधे फक्त एक दार. मी ते बडवलं, लाथा घातल्या, खांद्याने धडका दिल्या. दाराची फटसुद्धा पंप जाईल एवढी नव्हती. आणि खिडक्यांना आम्हीच लावलेलं ग्रिल...

कुणीतरी फोन केला, आई कारखान्यातून धावत आली. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी नाक्यावरच्या किल्लीवाल्याला ओढत आणलं. कुणी अग्निशमन दलाला फोन लावत होतं. जिना माणसांनी भरला.

किल्लीवाल्याने फटीतून पातळ पट्टी घातली. खट्. कडी वर गेली.

खट्. पुन्हा बसली.

त्याने परत उचलली. परत बसली. तो मागे सरकला, घाम पुसत म्हणाला,

"ताई, आतून कुणीतरी कडी धरतंय. साहेबांना सांगा ना, पोराच्या जिवाशी खेळ नको."

आईने दाराला तोंड लावलं. "दादा, मी आहे रे! उघड!"

काही नाही.

"माझीच चूक झाली. मीच आहे ही, दादा. शपथ!"

काही नाही. आतली शिट्टी बारीक होत चालली होती. मधेमधे थांबत होती. ते थांबणं... ते मी कसं सांगू?

"टिल्लू, बोल रे काहीतरी! ताईशी बोल!"

तो बोलला नाही.

आईने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. सगळी बिल्डिंग उभी होती. सकाळचा तो मोबाइलवाला माणूसही होता, खालच्या वळणावर. आईने त्याला पाहिलं. मी तिला त्याला पाहताना पाहिलं.

मग ती दाराकडे वळली आणि जीव तोडून ओरडली,

"मला भाऊ नाही! या घरात कुणी पुरुष नाही, कधीच नव्हता! मी खोटं बोलत होते सगळ्यांशी! मी, ही पोरगी आणि ते आतलं लेकरू, एवढेच आहोत आम्ही! ऐकताय ना सगळे? आम्हाला कुणी नाही!"



दारापलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी लांब श्वास घेतला. मोठ्या माणसाचा श्वास.

मग कडी निघाली. दार उघडलं.

टिल्लू मागच्या खोलीत पलंगावर होता. ओठ निळे. पण बसलेला. पाठीमागे घरातल्या सगळ्या उशा नीट रचलेल्या, दम लागला की आई रचते तशा. पंप दिला. आईने त्याला छातीशी धरलं. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला.

घरात दुसरं कुणी नव्हतं. किल्लीवाल्याने पलंगाखालीसुद्धा पाहिलं.

"मामा रडत होता," टिल्लू एवढंच म्हणाला.

त्यानंतर मागच्या खोलीतून आवाज नाही. पार्सल शेजारी देतात. बूट आईने कचऱ्यात टाकले, ती वरची कडीही काढून टाकली. मागची खोली बंदच असते. आणि आता सगळ्यांना माहीत आहे आमच्या घरात कोण आहे आणि कोण नाही. जिन्यात पावलं वाजली की आई हातातलं काम थांबवून ऐकत बसते. तिची झोप पुन्हा उडाली आहे.

गेल्या रविवारी ती बाजारात गेली होती. मी आणि टिल्लू घरात. भरदुपार.

जिन्यात पावलं आली. दारापाशी थांबली. बेल वाजली नाही.

हँडल हळूच खाली गेलं... वर आलं... परत खाली गेलं. मग कुलपात काहीतरी खुटखुटायला लागलं.

टिल्लूने मागच्या खोलीकडे पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी झडप घालून त्याचं तोंड दाबलं.

कुलूप कुरकुरलं.

मी हात काढला.

"मामा!"

खुटखुट थांबली. पळत जिना उतरणारी पावलं ऐकली मी, कुणीतरी पडता पडता वाचलं असावं. मग शांतता.

आणि मागच्या खोलीत पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलावी तसा.

मी ते दार उघडून पाहिलं नाही. आईलाही अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पुन्हा गाढ झोपेल, याचीच मला भीती वाटते.