मल्हारीची हाक

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथं होतो. पटलं नाही तर पेडगावला या, भिवराबाईला विचारा.

सन अठ्ठावन्न, मार्गशीर्ष महिना. दोन वर्षांमागं आपला निजामी मुलूख मुंबई राज्यात गेला, म्हणजे समुद्रही आपलाच झाला. तेव्हा तो बघून या, असं वरून सांगणं आलं. आम्ही अकरा जण कोकणात निघालो. मी शाळामास्तर, म्हणून माणसं सांभाळायची ती मी.

तीन दिवसांत तीन जुनी दीपगृहं. चढून चढून पायांचे तुकडे पडले. किशनराव पाटील दर ठिकाणी एकच विचारायचे, "मास्तर, रातभर दिवा जाळतेत, मग तेल कोन देतंय?" समुद्राकडं त्यांनी धड पाहिलंही नाही.

पाहिलं ते मल्हारी धनगरानं.

शंभरावर मेंढरं होती त्याची. दिवस बुडताना एकच हाक द्यायचा... सगळा कळप पायाशी. गावात त्याला मान होता तो त्या हाकेचा.

तिसरं दीपगृह सगळ्यात जुनं, काळ्या दगडाचं. बाकीचे खालीच बिड्या ओढत बसले. वर आम्ही दोघंच.

दिवस बुडत होता. पांढऱ्या लाटा किनाऱ्याकडं येत होत्या.

"मास्तर, बघा की! मेंढरंच यायलेत."

आणि गड्यानं तोंडाशी हात धरून हाक दिली.

"हर्रर्र... याऽऽ!"

लाटांचा आवाज थांबला.

कमी नाही झाला... थांबला.

दिवा राखणारा म्हातारा धापा टाकत बाहेर आला.

"हाक कुणी मारली?"

मल्हारी हसला. "म्या. का वो?"

म्हाताऱ्यानं खालच्या खडकांकडं बोट केलं. "अरे बाबा, किती गलबतं फुटली या खडकांवर, किती माणसं बुडाली! आम्ही दिवा लावतो तो लांब राहा म्हणून. तू त्यांना या म्हणालास."

मग लाटा पुन्हा वाजू लागल्या. आम्ही उतरलो.

मागं पायऱ्यांवर आवाज... फट... फट...

ओल्या, अनवाणी पायांचा. आम्ही थांबलो की तोही थांबे.

परतीच्या मोटारीत सगळे मेल्यासारखे झोपले. मागचं बाक तेवढं रिकामं होतं.

आणि ओलं.

मी दोनदा पुसलं. दोनदा ओलं झालं.

गावी पोचलो त्याच सांजेला मल्हारी कळपाकडं गेला, मीही सोबत होतो. अंगात त्राण नव्हतं, पण हाक दिली.

मेंढरांनी माना वर केल्या...

एकही आलं नाही. सगळी मागं सरकत त्याच्या बायकोला, भिवराबाईला जाऊन चिकटली.

भिवराबाई पांढरीफटक. "अवो... तुमच्या मागं कोन हायती?"

मागं कुणी नव्हतं. कोरडा ओढा, फुफाटा...

आणि फुफाट्यात ओल्या पावलांच्या खुणा. माणसांच्या. मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

त्या दिवसापासून कळप भिवराबाईच्या हाकेवर यायचा. मल्हारी मोठ्यानं बोलेनासा झाला. मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी त्यानं एक उंच बल्ली रोवली आणि रोज दिवस बुडायच्या आत तिला कंदील टांगू लागला.

"लांब राहा म्हनायचं, मास्तर. दुसरं काय करू?"

गेल्या पौषात मल्हारी गेला. भिवराबाईचे हात बल्लीला पुरत नाहीत. तिनं मला एवढंच विचारलं, "आता दिवा कोन लावंल, मास्तर?"

मीच लावतो. दिवसभराच्या शाळेनं डोळे मिटायला येतात, तरी लावतो.

सकाळी काच पुसतो. आतून काजळी असते, ती समजते.

बाहेरून पांढरं काहीतरी साचलेलं असतं...

एकदा बोटानं जिभेला लावून पाहिलं.

खारट.