तबकडीच्या कडेवरचा श्वास

गाणं सुरू करण्याआधी तिलेकची आई, सालकीन, एक श्वास घ्यायची. मोठा नाही. बोटाला चटका बसल्यावर आपण ओठांतून आत ओढतो ना, तेवढाच. आणि मग आवाज. तिलेकनं तो लहानपणी ऐकला होता, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. चेहरा फोटोत राहिला. श्वास मात्र फक्त तिलेकच्या कानात राहिला होता, आणि तोही हळूहळू झिजत चालला होता.

चुलीत अजून एक लाकूड सारा, पोरांनो. आणि ते फोन जरा बाजूला ठेवा. ही आपल्या कोचकोरातलीच गोष्ट. तिलेकला तुम्ही ओळखता, बाजारात फोन दुरुस्त करतो तो. त्यानं ही एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

सालकीन गावच्या गायनमंडळीत होती. मंडळीच्या गाण्यांची एक तबकडी निघाली होती, त्यात तिचं एक गाणं. बिश्केकच्या मावसभावानं ते कुठून तरी मिळवून तिलेकच्या फोनवर पाठवलं. आवाज आईचाच, अगदी धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. पण श्वास नव्हता.

"अरे, सुरुवातीला नुसती खरखर होती," मावसभाऊ म्हणाला. "मी सगळी कापून काढली. कसं चकाचक झालंय! आभार मान."

तिलेकनं आभार मानले आणि फोन उशीवर आपटला.

म्हणून तो वरच्या गावी गेला, आत्याकडे. बुर्मा तिचं नाव, पण थोरल्या बाईला म्हणतात तसं आपण सगळे तिला एजेच म्हणतो. सालकीनच्या खांद्याला खांदा लावून गाणारी बाई. गेल्या वर्षीची गोष्ट, नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. पहिला जाड बर्फ त्याच दिवशी पडला होता.

एजेनं पेटीच्या तळातून ओढणीत गुंडाळलेली तबकडी काढली.

"कशाला रे तुला ही? तुझं सगळं गाणं त्या डबीत मावतं ना?"

"डबीत श्वास गळून गेलाय, एजे."

म्हातारीनं ओढणी सोडून तबकडी त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "आज गुरुवार. आधी घरात तेलाचा वास निघू दे, मग लाव. गेलेल्या माणसाला उपाशी बोलवू नये."

"हो हो."

"दोनदा हो म्हणणारा एकदाही करत नाही. एकदाच म्हण."

"हो, एजे."

गुरुवारी पिठाचे तुकडे पाडून कढईत बोर्सोक तळायचे, वास धुराड्यातून वर जाऊ द्यायचा. आपल्या गेलेल्यांचं तेवढंच जेवण. तिलेकला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

घरी येईतो अंधार पडला होता. तबकडी वाजवायचं यंत्र त्यानं आधीच जुन्या बाजारातून आणून ठेवलं होतं, पेटीसारखं, झाकणाचं. त्याला वाटलं होतं, दाबायचं की वाजेल. फोनवर नाही का वाजत?

आतला पट्टा सैल पडला होता. त्यानं बायकोच्या जुन्या सलवारीचं इलॅस्टिक कापून बसवलं. गाणं सुरू झालं, आणि आईचा आवाज अस्वलासारखा निघाला. इलॅस्टिक आवळलं, तर बोकडासारखा. सुई कडेवर ठेवली की बाहेर घसरायची. जरा आत ठेवली की थेट गाण्यात पडायची. श्वास होता तो नेमका मधल्या बोटभर जागेत.

"फोनची आतडी बाहेर काढून परत भरतोस," जीपार, त्याची बायको, पीठ मळता मळता म्हणाली, "आणि एका ताटलीपुढं हात टेकलेस?"

"तू गप्प बस गं."

"मी गप्पच आहे. ते बघ, तुझं यंत्रच कण्हतंय."

खरंच कण्हत होतं. घूंऽऽ... सारखं. तिलेकनं तारा हलवल्या, झाकण उघडलं, बंद केलं. तारेला हात लावला की कमी व्हायचं, सोडला की पुन्हा घूं. मग त्याच्या ध्यानात आलं. जीपारनं विजेची शेगडी लावली, तेव्हापासून हे सुरू झालं होतं.

"शेगडी बंद कर."

"तेल आत्ता कुठं तापायला लागलंय."

"जरा वेळ बंद कर म्हणतो ना!"

"अरे, तुझ्या आईसाठी तळतेय मी, माझ्या नाही!"

तिलेक उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं शेगडीचं बटण फिरवलं. घूं थांबलं. जीपारनं पिठावर फडकं टाकलं आणि ती निजायला गेली.

तेल तसंच राहिलं.

तो पुन्हा बसला. सुई घसरली. पुन्हा. पुन्हा. दुकानातला कथलाचा तुकडा त्यानं सुईच्या दांडीवर चिकटवला, वजनासाठी. बाहेर बर्फ पडत होता. सगळी गल्ली निजली होती.

शेवटी सुई बसली.

खर्... खर्... तबकडी फिरू लागली. त्यानं कान अगदी जवळ नेला. आता येईल. आत्ता...

वीज गेली.

साऱ्या गल्लीची. तबकडी मंदावली, थांबली. तिलेकनं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याला रडूही येईना, इतका तो चिडला होता.

"आपा!" तो अंधारात ओरडला. आईला आपण अशीच हाक मारतो. "एकदाच ऐकव ना! एवढं काय मागतोय मी?"

सगळं गप्प.

मग... खर्... खर्... खर्...

त्याला वाटलं, वीज आली. दिवा तर लागला नव्हता. त्यानं चाचपून तबकडीवर बोट ठेवलं. तबकडी थांबलेली. सुई थांबलेली.

खर्... खर्...

आवाज पाठीमागून येत होता. स्वयंपाकघरातून. आणि ती खरखर नव्हती. तळणाचा आवाज होता तो. कढत तेलात पीठ सोडल्यावर येतो तो. वासही आला... ऊन, ताजा.

"जीपार?"

पलीकडच्या खोलीत जीपार घोरत होती.

तळण थांबलं.

फरशीवर पाऊल वाजलं नाही. दार करकरलं नाही. पण तिलेकच्या मानेला ऊब लागली, चुलीपासून नुकतंच उठून आलेलं माणूस मागे उभं राहावं तशी.

आणि श्वास.

ओठांतून आत ओढलेला. बोटाला चटका बसल्यासारखा. कानाच्या अगदी पाळीपाशी.

तोच.

तिलेक हलला नाही. आता गाणं यायला हवं होतं. तो वाट बघत राहिला. श्वास घेतलेलाच होता. सुटत नव्हता... गाणंही येत नव्हतं...

"आपा?"

तो श्वास बाहेर सुटला. हळू. थकल्यासारखा. मान थंड पडली.

बऱ्याच वेळानं दिवे आले. कढईतलं तेल गार होतं, थिजायला आलेलं. फडक्याखाली पीठ जसंच्या तसं. वास? कसलाच नव्हता. तिलेकनं सुई कडेवर ठेवली. ती सर्रकन आत सरकली आणि गाणं सुरू झालं. एकदम. श्वासाशिवाय.

त्यानं तबकडी दिव्याखाली धरली. कडेला बोटभर रुंदीचं एक कडं होतं. त्यात एकही रेघ नव्हती. काचेसारखं गुळगुळीत.

कथलाच्या वजनानं सुई घासली असेल, असं तुम्ही म्हणाल. घासलं तर ओरखडा उठतो, पोरांनो. तिथं कधी काही कोरलंच नव्हतं, असं ते कडं होतं.

सकाळी एजे बर्फ तुडवत आली, कुणी बोलावलं नसताना. जीपारनं चहा ओतला, भाकरी मोडून पुढं ठेवली. तिलेक बोलतच सुटला. यंत्र भिकार, पट्टा सैल, वीज नेमकी तेव्हाच गेली, त्या मावसभावानं सगळा घोळ केला. एजे ऐकत होती. मग तिनं एवढंच विचारलं, "तेल?"

तिलेक थांबला. जीपारनं गार कढईकडे बोट केलं.

त्यानं तबकडी पुढं केली. "एजे, तुम्ही दिलीत तेव्हा हिची कड अशीच होती का?"

म्हातारीनं ती खिडकीच्या उजेडात धरली. त्या कड्यावरून अंगठा फिरवला, हळूहळू, पूर्ण गोल. तबकडी खाली ठेवली.

आपल्यात घाई असो, भांडण असो, भाकरीचा तुकडा ओठाला लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. एजेनं भाकरीकडे पाहिलं, पण तुकडा उचलला नाही. उठली. बूट चढवले, ओढणी घट्ट बांधली.

"एजे, सांगा ना... अशीच होती का?"

ती बर्फातून चालू लागली.