तीस पृथ्व्यांच्या अंतरावरून

पृथ्वीला मिठीत घेऊन ती जिना उतरत होती, त्यामुळे समोरून कोण येतंय ते दिसायची सोयच नव्हती. कागदाचा लगदा अजून ओलसर होता... आणि वळणावर कुणीतरी धाडकन येऊन आदळलं.

"अरेच्चा! लागलं का?"

"मला नाही. हिला लागलंय." तिनं पृथ्वीचा गोळा फिरवून पाहिला. विषुववृत्ताच्या जरा वर चांगला वाटीएवढा खड्डा पडला होता.

तो ओशाळला. मग एकदम हसू दाबत म्हणाला, "खरं सांगू? अगदी अशीच टक्कर झाली होती. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळला. जे वितळून उडालं, ते तिच्याभोवती फिरत राहिलं, हळूहळू गोळा झालं – आणि चंद्र झाला."

"आणि तुमच्या धडकेतून काय होणार?" ती फणकाऱ्यानं म्हणाली. म्हटल्यावर तिचे तिलाच कान गरम झाल्यासारखे वाटले.

विज्ञान संग्रहालयाच्या नव्या चंद्र-दालनासाठी बोलावलेला शास्त्रज्ञ तो हाच. ती तिथल्या कार्यशाळेत मॉडेलं बनवायची. तिला लहानाची मोठी करणारी आत्या त्याच कार्यशाळेत पाट्या रंगवायची.

खड्डा बुजवायला मदत करतो म्हणून तो दुसऱ्या दिवशी आला. मग रोज दुपारी येऊ लागला. लगदा काही त्याला जमला नाही, पण बोलायचा मात्र असा, की तिचा ब्रश हातात सुकून जायचा. चंद्र आहे म्हणून पृथ्वी फारशी कलंडत नाही, म्हणून ऋतू वेळेवर येतात. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की सरळ म्हणायचा, "हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." तिला ते फार आवडायचं.

तिनं टकरीनंतरचं कडं बनवलं. लगद्यावर काचेची पूड, आतून लाल दिवा. दिवा लागला तसा तो कड्याभोवती एक फेरी मारून आला.

"इतकी वर्षं मी हे आकड्यांत बघत होतो," तो म्हणाला, "डोळ्यांनी आज बघितलं."

छान झालंय, असं तिला सगळेच म्हणायचे. असं कुणी बघितलं नव्हतं. ती खाली मान घालून धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवत बसली.

एकदा त्याला यायला उशीर झाला. आत्यानं पाटीवरची नजर न उचलता विचारलं, "काय गं, तुझा चांदोबा नाही आला आज?"

"माझा कसला? संग्रहालयाचा!"

"हो का? मग मघापासून दाराकडे संग्रहालयच बघतंय वाटतं."

तो आला, पण त्या दिवशी दारातच घुटमळला. मग म्हणाला, "चंद्र दरवर्षी थोडा लांब जातो, माहितेय? आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढ्याच वेगानं."

"कोण ढकलतं त्याला?"

"पृथ्वीच. भरतीचा फुगवटा त्याला पुढे ओढतो, तसा तो लांब सरकतो. त्या ओढाताणीत पृथ्वीही मंदावते. तिचे दिवस मोठे होत जातात."

आपल्या दुपारी तर हल्ली फारच लहान व्हायला लागल्यात... तिच्या मनात आलं.

"मलाही जायचंय," तो म्हणाला. "डोंगरावरच्या वेधशाळेत. वर्षभरासाठी."

"अभिनंदन," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार?

दालन उघडायच्या आदल्या दुपारी संग्रहालयाच्या साहेबांचा हुकूम आला – चंद्र पृथ्वीशेजारीच टांगा, लोकांना दोन्ही एकदम दिसली पाहिजेत. कधी नव्हे तो शास्त्रज्ञ अडून बसला. "मधे तीस पृथ्व्या मावतील एवढं अंतर आहे, साहेब. ते अंतर दिसलंच पाहिजे."

"करून दाखवा मग!"

तिनं दोऱ्याचं एक टोक पृथ्वीपाशी धरलं. दुसरं टोक आणि लहान कलिंगडाएवढा चंद्र घेऊन तो निघाला. दालनाबाहेर, लांबलचक वऱ्हांड्यात, स्टुलावर बसून पाटी रंगवणाऱ्या आत्याच्या पुढे, थेट टोकाच्या खिडकीपर्यंत. दोरा ताणला गेला.

"इतका लांब?" ती ओरडली.

"इतका लांब! आणि तरी अख्खा समुद्र हलवतो!"

मग तो पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला.

"काय? ऐकू नाही आलं!"

"म्हटलं... मला तिकडे करमणार नाही!"

"डोंगरावर?"

"तुमच्याशिवाय!"

वऱ्हांड्यात शिडीवर चढलेल्या सुताराची हातोडी वरच्या वर राहिली. तिला स्पष्ट ऐकू आलं होतं. पण असं वाक्य एकदाच ऐकून कुणाचं भागतं?

"पुन्हा सांगा!"

"अगं," आत्या कळवळली, "माझ्या म्हाताऱ्या कानांनासुद्धा ऐकू आलं!"

"जवळ उभं राहून सांगायचा धीरच होत नव्हता हो," तो तिकडून म्हणाला.

ती दोरा बोटांना गुंडाळत चालू लागली. आत्याजवळून, सुताराजवळून, त्याच्या अगदी समोर.

"जा डोंगरावर," ती म्हणाली. "पण दर महिन्याला इथे उगवायचं. अमावस्या चालणार नाही."

"म्हणजे... हो?"

"हो. आणि तू ना, फार हळू बोलतोस."

त्या 'तू'नं त्याचा चेहरा असा उजळला, की आत्यानं हसून मान वळवली. मागून साहेबांचा आवाज आला, "अहो, पण चंद्राचं काय ठरलं?"