सोनौलीच्या हद्दीपलीकडचं गाठोडं

"पाण्याचे चार कॅन, दोन स्टेपन्या, उलटीसाठी लिंबं आणि शाळेची ओळखपत्रं," इद्रीसने यादी वाचून दाखवली. पासपोर्ट लागत नाही म्हणून अब्बांनी परदेशच्या सहलीसाठी नेपाळ निवडलं होतं. आग्रा रोडने नाशिक, इंदूर, मग कानपूर, गोरखपूर, आणि सोनौलीची हद्द ओलांडली की पोखराची वाट. भाड्याची मॅटाडोर उद्या सकाळी निजामपुऱ्यातून निघणार होती.

अब्बा म्हणजे अब्दुर्रहमान शेठ. त्यांच्या लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे, कारागीर बहुतेक गोरखपूरकडचे. तिकडे कोणी निघालं की त्याच्याबरोबर घरी गाठोडं धाडायचं ही इथली रीत, आणि अब्बांना नाही म्हणणं जमत नसे. सोळा गाठोडी झाली. सतरावं दुपारी एका अनोळखी माणसाने आणलं. पलीकडच्या गल्लीतल्या नूर मोहम्मदच्या अम्मीसाठी कपडे आहेत, ती हद्दीपलीकडे भैरहवाला राहते, असं त्याने सांगितलं. अब्बांनी ते ठेवून घेतलं.

इद्रीसची बारा वर्षांची बहीण तय्यबा आणि तिची वर्गमैत्रीण सोनी गाठोडी सीटखाली रचत होत्या. सोनीचा बाप जान्या जवळच्या दिघाशी गावाहून अब्बांच्या लूमवर ड्युटीला येई.

सोनीचा हात सतराव्या गाठोड्यावर थांबला. "तय्यबा, ही गाठ लूमवाल्याची न्हाय."

दिवसभर तुटके धागे जोडणाऱ्या कारागिराची बोटं सवयीने बारीक, चपटी गाठच मारतात. सोळा गाठोड्यांवर तशीच होती. या एकावर मात्र भलीमोठी, जाडजूड गाठ.

तय्यबाने अब्बांना सांगितलं, तर ते उखडलेच. "अमानत आहे ती, विश्वासाने सोपवलेली. दुसऱ्याची अमानत फोडायची नसते."

मग नूर मोहम्मदलाच आणायला हवं होतं. पण तो अनोळखी माणूस समोरच्या पानटपरीशी अजून उभाच होता, गाडीवर नजर लावून. इद्रीसने मुद्दाम त्याच्या पायाशी चेंडू मारला आणि चेंडू गटारात गेला म्हणून त्याच्याशीच हुज्जत घालत बसला. तेवढ्यात मुली मागच्या बोळातून सटकल्या.

बोळात दोन्हीकडे लूमचा खडखडाट. मागून कोणी आलं तरी पाऊल ऐकू येणार नव्हतं, आणि आपण ओरडलो तर ते कोणालाच ऐकू जाणार नव्हतं. तय्यबा दर चार पावलांनी मागे बघत होती. तिला खूप भीती वाटत होती. सोनीने तिचा हात घट्ट धरला.

नूर मोहम्मदने सगळं ऐकलं आणि लूम बंद केला. "हमारी अम्मा को गुज़रे चार साल हुए, बिटिया."

त्याने अब्बांसमोर हेच सांगितलं, तेव्हा अब्बांचा चेहरा पांढराफटक पडला. गाठोड्याला मालकच नव्हता. त्यांनी कात्री मागवली. वरच्या दोन साड्यांखाली तपकिरी पुडीची पाकिटं निघाली. गर्द! नशेची पूड. टपरीशी उभा असलेला तो माणूस पळाला, पण शिफ्ट सुटलेल्या कारागिरांनी त्याला कोपऱ्यावरच धरलं. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले.

फौजदारांनी मुलांची पाठ थोपटली. अब्बा मात्र ओट्यावर बसले होते.

"परक्या मुलखात मला बेड्या पडल्या असत्या," ते म्हणाले. "तुम्हाला घरी कोणी आणलं असतं? माझ्यापेक्षा तुम्ही तिघं शहाणी निघालात."

सहल एक दिवस लांबली. सोळाही जणांनी आपापलं गाठोडं मुलांसमोर उघडून दाखवायचं, असं अब्बांनी ठरवलं. कोणालाच वाईट वाटलं नाही. पहिल्यात एका कारागिराने आपल्या गावाकडच्या लहान मुलीसाठी घेतलेला लाल फ्रॉक निघाला. तो पाहताच इतका वेळ धीर धरलेली तय्यबा अब्बांच्या कुशीत शिरून ओक्साबोक्शी रडली.