काळी चारचा सूर

खोटं बोललात तुम्ही. धडधडीत खोटं. नाट्यसंस्थेच्या ऑफिसात एसी लावून बसलात आणि पेपरवाल्यांना सांगितलंत, 'हेमांगीताईंचा आवाज थकला, म्हणून आम्हीच त्यांना विश्रांती दिली.' दिली? तुम्ही? अहो, तीच तुमच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली होती, "या महिन्यानंतर राणी मृगलेखा मी करणार नाही. मधुवंती तयार आहे." तेव्हा तुमचा चहा बशीत सांडला होता. दौऱ्याचं काय, बुकिंगचं काय, म्हणून गयावया तुम्हीच केलीत. आणि आता आवाज थकला?

मग तो आवाज आला कुठून, तेही ऐका.

अंधेरीला वेसाव्याच्या बंदरावर सकाळची मासळी उतरली होती. हेमांगी आई मंजुळाच्या शेजारी पाटीमागे बसून हाक देत होती. कोळीवाड्यात कुणाचीही हळद असो, गाणं तिचंच. मासे विकायलाही तोच गळा. समोर नाकाला रुमाल लावून एक चष्मेवाला उभा होता. त्याचा मित्र सुरमईचा भाव करत होता आणि हा नुसताच ऐकत होता.

"ताजं पापलेऽऽट!"

रुमाल खाली आला. "काळी चार," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही हाक देता ना... ती पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला लागते. बरोब्बर. मघापासून ऐकतोय, केसभर हलली नाही."

"घेणार काय ते बोल. पापलेट की सुरमई?"

"मी... खात नाही."

"मग बाजूला हो ना रे! गिऱ्हाईक अडतंय माझं."

तो बाजूला झाला. पण गेला नाही. मंजुळा पदरात हसली. "गो हेमा, याला मासा नको. याला हाकच पायजे."

तो मुलुंडचा मिहिर. दिवसभर विम्याच्या ऑफिसात, संध्याकाळी तुमच्या 'संगीत मृगलेखा'मध्ये ऑर्गनवर. त्यानंच तिला तुमच्याकडे आणलं. तेव्हा तुम्ही खुर्चीत रेलून काय म्हणालात, आठवतंय? "कोळीण आणि राणी? हिची भाषा ऐका आधी!"

हेमांगीनं मान खाली घातली नाही. म्हणाली, "भाषा मी शिकेन. हा आवाज तुम्ही कुणाला शिकवून दाखवा."

शिकली ती. पाटी उतरवून तालमीला यायची, तोंडात खडे ठेवावेत तसे एकेक शब्द घोळवायची. नऊ वर्षं ती राणी होती, आणि ती नुसती उभी राहिली तरी शेवटच्या रांगेतला माणूस सरसावून बसायचा.

आणि मिहिर? तो बोलायचा कुठे! त्याचं बोलणं फक्त एका सुरात. पडदा उघडण्याआधी रंगमंचावर अंधार असतो, तेव्हा ऑर्गनवाला गाणाऱ्याला त्याचा सूर देतो. मिहिर तिला काळी चार द्यायचा, आणि लागतो त्यापेक्षा जरा जास्तच धरून ठेवायचा.

"इतका वेळ काय धरतोस रे?" एकदा तिनं विचारलंच.

"ऑर्गन जुना आहे. पट्टी लवकर सुटत नाही."

"ऑर्गनला सुटत नाही... की तुला?"

त्यानं चष्मा काढून पुसला. अडचणीत आला की तो चष्माच पुसायचा. मग हळूच म्हणाला, "हे नाटक संपू दे ना... मग बोलू."

आता काय बोलावं या माणसाला! नाटक संपतच नव्हतं. हाऊसफुल्लच्या पाट्या लागत होत्या.

मग एक दिवस तालमीत मागच्या ओळीतली मधुवंती स्वतःशीच राणीचं पद गुणगुणत होती. बोरिवलीची पोर, सख्यांच्या घोळक्यात उभी राहणारी. एका जागी तिनं अशी काही हरकत घेतली, की हेमांगी केसांत गजरा माळता माळता थांबली. इतक्या वर्षांत ती जागा तिला दिसलीच नव्हती. दुसरी कुणी असती तर त्या पोरीला मागून काढून आणखी मागे उभी केली असती. हेमांगीनं तिला जवळ बोलावलं. "परत म्हण गं." आणि त्याच दिवशी ठरवलं. राणीनं गादीवरून उतरायचं ते आपल्या पायांनी, कुणी हात धरायच्या आधी.

मिहिरला कळलं तेव्हा तो बराच वेळ ऑर्गनचं झाकण पुसत राहिला. "म्हणजे शनिवारी... तू नसशील?"

"असेन ना. पहिल्या रांगेत."

"तिथवर सूर पोचतो का?"

"देणाऱ्यावर आहे."

यापुढे एक शब्द बोलला असता तर! नाही बोलला.  गजरा काढताना हेमांगीच्या मनात आलं, आता या माणसाला भेटायचं तरी कुठे? भेटीची जागा एकच होती... ती तिनंच सोडली होती.

शनिवारी मधुवंतीच्या पहिल्या प्रयोगाला बोरिवलीचं नाट्यगृह भरलं. संस्थेचा रिवाज असा, की भूमिका सोडणारीनं नव्या राणीला आपल्या हातानं नथ घालायची. मधुवंती मान खाली घालून बसली होती.

"ताई, माझी वाट लागली आहे."

"लागू दे. हनुवटी वर. राणी घाबरली तरी खाली बघत नाही."

हेमांगी पहिल्या रांगेत येऊन बसली. अंधार झाला. नांदी झाली. आणि खाली ऑर्गनमधून सूर निघाला.

काळी चार.

 मधुवंतीची पट्टी काळी पाच! महिनाभर तालीम त्याच पट्टीत झाली होती. मिहिर चुकला होता. जो तबलजीच्या शिंकेनंसुद्धा चुकत नव्हता, तो. लोकांना काही कळलं नाही. पडद्याआड मात्र क्षणभर शांतता... आणि मग मधुवंतीनं तोच सूर उचलला. दुसरीची पट्टी, दुसरीची उंची, पण पोर हलली नाही. पद संपलं आणि 'वन्स मोअर!' म्हणून नाट्यगृह ओरडलं. मिहिरनं काळी पाच दिली. आता ती आपल्या उंचीवरून गायली, आणि त्या नव्या हरकतीला हेमांगीच्याच तोंडून सगळ्यात मोठ्यानं 'वा!' गेलं. छाती भरून आली तिची. ही आपण घडवली.

मध्यांतरात लोक बटाटेवड्याकडे पळाले. हेमांगी पुढे जाऊन ऑर्गनशेजारी उभी राहिली.

"चुकलास."

"हो."

"आजवर कधी चुकला नाहीस."

"आजवर पडद्याआड तूच होतीस." चष्मा हातात आलाच होता. "अंधार झाला आणि... हात आपोआप तुझ्या पट्टीवर गेला."

"मधुवंतीला सॉरी म्हणालास?"

"म्हणालो. ती म्हणाली, मला नको, पहिल्या रांगेत जाऊन सांगा."

आणि नेमके तेव्हाच तुम्ही आलात. हातात वड्याची बशी, दोन्ही बाजूंना पेपरवाले. "काय हेमांगीताई! आवाजाला आराम पडतोय ना?"

तिनं तुमच्याकडे शांतपणे बघितलं. पदर खोचला. आणि नाट्यगृहाच्या मधोमध, बंदरावरची ती पहिली हाक दिली.

"ताजं पापलेऽऽट!"

बाल्कनीतली माणसं वळली. दारातली परत आत आली. आणि मिहिरनं, तुमच्या तोंडासमोर, ऑर्गनचा भाता मारून पट्टी दाबली. काळी चार. हाक आणि सूर एकमेकांत असे मिसळले, की वेगळे काढता येईनात. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. तुमचा वडा बशीतच राहिला.

"थकला?" तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही पेपरवाल्यांकडे बघत राहिलात. ते लिहून घेत होते.

मग ती मिहिरकडे वळली. दुसरी घंटा झाली होती. त्याचं बोट अजून पट्टीवरच होतं, आणि सूर चालूच होता.

"सोड ती पट्टी."

त्यानं सोडली.

"नाटक संपलं की बोलू म्हणाला होतास. माझं संपलं. मी कोळीण, तू मासा न खाणारा, लोक काय म्हणतील, ते सगळं मला माहीत आहे. वेसाव्याला आईसुद्धा वाट बघून कंटाळली आता."

"हेमा... इथे? सगळे बघतायत..."

"बघू देत. मी नऊ वर्षं लोकांसमोरच उभी राहिले. तिसरी घंटा व्हायच्या आत बोल, मिहिर. माझ्याशी लग्न करतोस की नाही?"