सिरिलला घरी सोडा

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या शाळेची एक गोष्ट सांगतो, छापील इतिहासात नाही ती.

हाँगकाँगमधली ही सरकारी, इंग्रजी माध्यमाची शाळा. तिचा छापील इतिहास मीच लिहिला. त्यात गव्हर्नर कोनशिला बसवतात, तपासनीस चहा पितात. मुलं कुठेच नाहीत. मुख्याध्यापिका प्रूडन्स औयुंग यांना तो फार आवडला. बाई घरच्या मांजरालाही इंग्रजीतच रागावतात.

वर्धापनदिनाच्या तालमीला भर दुपारी सभागृहाच्या दाराशी एक म्हातारी आली, लाम साउ-क्वान. एका हातात भाताचा वाडगा, दुसऱ्यात लहान मुलाचा, पिवळा पडलेला सदरा. तिचा धाकटा भाऊ वाइ-हंग इथे शिकायचा. याच सभागृहात कविता म्हणताना चक्कर येऊन पडला, तो उठलाच नाही. तेव्हापासून दर छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, ती फाटकाशी सदरा हलवून त्याच्या जिवाला घरी बोलवायची आणि देव्हाऱ्यापुढे कौल लावायची. आला नाही, एवढंच कौल सांगायचा.

"यंदा डॉक्टरांनी माझंच सांगून टाकलंय, मास्तर," ती हसत म्हणाली. "मी गेल्यावर त्याला हाक कोण मारणार? एकदा आत येऊ द्या."

"हा काय मासळीबाजार आहे?" बाई इंग्रजीत कडाडल्या. "माझ्या सभागृहात कँटोनीज?"

मी म्हातारीला आत घेतलं. बुरसट पडद्यांचा, मेणाचा वास येत होता. तिने सदरा हलवला.

"आ-हंग, चल रे घरी! ताई आलीय. भात निवतोय बघ!"

काही नाही. पंखे फिरत होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळी पहिल्याच दिवशी मास्तर पोराला इंग्रजी नाव द्यायचे. घरच्या नावाला ओ दिली की छडी. हा पोरगा तर आज्ञाधारक.

"शाळेतलं नाव काय होतं, आजी?"

"कोण जाणे. आई ते घरात घेऊच द्यायची नाही."

भिंतीवरच्या वक्तृत्वाच्या ढालीवर लाम आडनावाचं एकच नाव कोरलेलं होतं. मी हजेरी घेतो तशी हाक मारली, "सिरिल लाम."

मागे खुर्ची सरकली.

"हजर, सर." स्वच्छ इंग्रजी, कोवळा आवाज. रांग रिकामी होती.

म्हातारीने माझा दंड धरला. "तोच! घरी जा म्हणावं त्याला."

मी इंग्रजीत सांगितलं.

"हेडमास्तरांची परवानगी आहे का, सर?"

मी बाईंकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. त्यांनी 'जा' एवढं म्हटलं की झालं असतं. पण शिस्त हाडात मुरलेली. बाईंचे ओठ आपोआप हलले.

"सिट डाउन."

खुर्ची करकरली.

"काय म्हणाला? येतोय ना?" म्हातारी विचारत राहिली.

नंतर मी बाईंपुढे हात जोडले. एकदा जा म्हणा. "कोणाला?" त्या म्हणाल्या. "मी काही ऐकलंच नाही." त्यांना पुढे पदकही मिळालं. हिवाळ्यात म्हातारी गेली.

तेव्हा धूप लावाल त्या वेळी त्याची आठवण ठेवा. लाम वाइ-हंग. शाळेतलं नाव मात्र मोठ्याने घेऊ नका.

तो लगेच उठून उभा राहतो.