डावीकडची पाचर

"मी माझ्या दादाला मारलं की नाही, एवढंच मला सांगा."

दारात उभा असलेला माणूस तिशीचा असेल. दोन्ही तळहातांवर पट्ट्या बांधलेल्या होत्या. बाईंनी त्याला बसायला सांगितलं तरी तो उभाच राहिला.

बाई बावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. आता त्या खाजगी तपासाची कामं घेत, पण सगळे अजून त्यांना बाईच म्हणत. कोपऱ्यात वही उघडून बसलेला कंपाउंडर त्यांचा मदतनीस. दवाखान्यात त्याने आयुष्यभर पुड्या बांधल्या होत्या. अक्षर सुरेख होतं, डोकं जरा उशिरा चालायचं.

"तुम्हाला स्वतःला माहीत नाही?" बाईंनी विचारलं.

"दोर माझ्या हातात होता. तो मी सोडला. पण दादा सोड म्हणाला म्हणून सोडला." त्याने तळहात पुढे केले. "परत धरायला गेलो तेव्हा हे झालं."

हळूहळू त्याने सगळं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ती इमारत पाडायची ठरली, आणि दुकानातली तिजोरी घरी आणायचं दादाने मनावर घेतलं. हिरव्या रंगाची, सहाशे किलोंची तिजोरी.

"आत काय होतं?"

"काही नाही. रिकामी होती. पण बाबांची होती ना! हमाल बोलवू म्हटलं तर दादा ऐकेना. आपण चौघं आहोत की, म्हणाला."

चौघं म्हणजे दादा, हा धाकटा, वहिनींचा भाऊ जो गाडीवर ड्रायव्हर होता, आणि शेजारचा वेल्डर. घराच्या सहा पायऱ्यांवर जाड फळ्या आणि त्यांवर पाइप टाकून ते पहारीने तिजोरी वर सरकवत होते. प्रत्येक वेळी मागे दोन पाचरी लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, म्हणजे तिजोरी मागे येणार नाही. दोराचं टोक व्हरांड्यातल्या खांबाला. निम्म्यावर गेल्यावर सगळे दमले.

"बाकीच्यांनी पहार लावली तसा मी दोर ताणून खांबाला बांधला. इतका, की तिजोरी बोटभर वर सरकली. मग आत चहाला गेलो. परत आलो तेव्हा दादा खाली उभा राहिला, उजवीकडे. म्हणाला, पाचरी आहेत, दोर सोड, वरून नीट बांध. मी सोडला. डावीकडे पाचर नव्हतीच. तिजोरी उजव्या पाचरीवर गर्रकन फिरली आणि..."

त्याने तळहात पाठीमागे नेले.

"डावीकडे कोणी उभं नव्हतं?"

"ती वेल्डरची बाजू. तो ग्रीस आणायला घरी गेला होता. थांबूया म्हटलं, तर दादा म्हणे, कशाला. दादाच्या बाजूने तिजोरीआडचं काही दिसत नव्हतं."

"पाचर नंतर सापडली?"

"नाही. तिथेच तर सगळं अडलंय. फौजदार म्हणतात, पडली असती तर अंगणात असती. नाही, म्हणजे कुणीतरी काढून लपवली. दादाशी मी रस्त्यात भांडलो होतो. ही तिजोरी एक दिवस तुझा जीव घेईल, असं ओरडलो होतो. सगळ्या गल्लीने ऐकलं. वहिनींनी माझ्यावर तक्रार दिलीय. आज आठवा दिवस, मला घरात घेत नाहीत. उद्या फौजदार मला घेऊन जाणार."

"पाचरी कुठून आणल्या होत्या?"

"उजवी वेल्डरने दिली. डावी दादाने घरातून आणली. कुठून, कोण जाणे."

कंपाउंडरने लिहून घेतलं. बाई चपला घालायला उठल्या होत्या.

तिजोरी अजून अंगणातच आडवी होती, तोंड मातीत. तिला हलवणार कोण? पायऱ्यांवरच्या फळ्या तशाच होत्या. एका फळीला हिरवा रंग घासून लागला होता. फळी आणि कठडा यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट होती. ती डाव्या बाजूलाच होती.

"सहाशे किलोंखालची पाचर!" कंपाउंडर कुजबुजला. "ती ओढायला पैलवान हवा. म्हणजे वेल्डरच."

"दोर ताणल्यावर काय झालं, ते तुम्हीच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

कंपाउंडरने वही चाळली, पण त्याच्या लक्षात काही आलं नाही.

वेल्डर त्याच्या शेडमध्ये होता. काम समोर पडलेलं, हात रिकामे.

"भिंतीवरून आमचं वाजलं होतं, खरं आहे," तो म्हणाला. "पण ते चार वर्षांपूर्वी. फळ्या माझ्या, पाइप माझे. चहा अर्धा टाकून मी ग्रीस आणायला सरळ घरी आलो. डबा सापडेना. डबा हातात आला आणि आवाज झाला. लगेच सापडला असता तर मी डावीकडे उभा असतो, बाई. पाचर नाही हे मला दिसलं असतं."

ड्रायव्हर पायरीवर बसला होता. तोही मध्ये एकदा बाहेर गेला होता, गाडीतले हातमोजे आणायला.

"पाचरीकडे लक्ष गेलं?"

"नाही गेलं. तेच तर! शेजारून दोनदा गेलो मी. रोज गाडीच्या चाकाखाली दगड आहे का बघणारा माणूस मी, आणि तिथे नाही बघितलं." त्याने तोंड फिरवलं. "ताईला कसं तोंड दाखवू?"

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. शांत बोलत होत्या, पण हातातला टॉवेल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

"चहा पिता पिता भावोजी उठले. दोर बघून येतो म्हणाले. दोन मिनिटांनी आले. तेवढा वेळ पुरतो, नाही का? मला सांगा, दुसरं कोण करणार? पाचरीला काय पाय फुटले?"

"घरात आणखी कोण होतं?"

"आई. माझ्या सासूबाई. पण त्यांना दिसत नाही. पुढच्या खोलीत बसून शिवत होत्या. फौजदारांनी त्यांना काही विचारलंच नाही. आम्ही त्यांना एवढंच सांगितलंय की दोर सुटला, आणि कुणीतरी मुद्दाम केलं असावं."

पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशिन होतं. त्यामागे आई बसल्या होत्या. पायाखालची पट्टी संथ हलत होती, उशीचा अभ्रा बोटांखालून पुढे सरकत होता.

"नवीन पावलं आहेत," मान न उचलता त्या म्हणाल्या. "एक हलकं, एक पाय ओढत चालणारं."

कंपाउंडरने चटकन दोन्ही पाय जुळवले.

"शिवताय? दिसत नसताना?" बाईंनी विचारलं.

"सरळ शिवण बोटांना कळते. हात रिकामे ठेवले की डोकं खातं हो."

बाजूला अभ्र्यांची चळत होती. बाईंनी वरचा उचलला. "हे त्या दिवशीचे का?"

"तो नका बघू. अर्धा वाकडा गेलाय."

खरंच, निम्म्यापर्यंत टाके डुलत, हेलकावे खात गेले होते. पुढचा निम्मा मात्र आखल्यासारखा सरळ. बाई शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. नंतर त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसून घेतलं.

"आई, माणसं आत चहाला गेली, तेव्हा पायऱ्यांवर कोणाकोणाची पावलं ऐकलीत?"

"सगळ्यांची. वेल्डरच्या चपला फटफट वाजतात. त्या सरळ फाटकाबाहेर गेल्या. मग बूट, हा सुनेचा भाऊ. गेला आणि आला, मध्ये थांबला नाही. धाकटा दारापर्यंत आला, खांबापाशी उभा राहिला, तिथूनच परत. पायऱ्या उतरला नाही तो."

"नक्की?"

"पोटच्या पोराची पावलं चुकतील का? मी तेवढी खाली जाऊन आले, कठडा धरून. माझं एक काम होतं."

"आई, मग तिथे तुम्हाला ती पाच—" कंपाउंडरने तोंड उघडलं.

बाईंच्या हातून दोऱ्याचं रीळ खाली पडलं आणि मशिनखाली घरंगळत गेलं.

"तेवढं काढा हो," बाई कंपाउंडरला म्हणाल्या. आवाज करडा होता.

तो गुडघ्यांवर बसला, वाकला, रीळ घेऊन धापा टाकत वर आला.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "मशिनखाली काय काय होतं?"

"काय असणार! धूळ, दोरे. एका पायाखाली लाकडाचा तुकडा, एका बाजूने हिरवट झालेला. ओल असावी."

बाई एकट्याच परत आत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांना वेल्डरच्या शेडमध्ये बोलवा. घरात नको. आणि ग्राइंडर चालू ठेवायला सांगा."

शेडमध्ये ग्राइंडर घरघरत होता. धाकटा दाराशी, वहिनी त्याच्याकडे पाठ करून. ड्रायव्हर जमिनीवर बसलेला.

"पाचर कोणी लपवली नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून ती लपवण्याच्या जागी सापडली नाही. आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. चोराने ती कुठे नेली, असं नाही. ती मुळात कुठली होती?"

ड्रायव्हरने मान वर केली.

"डावी पाचर दादांनी घरातून आणली. त्या दिवशी सकाळी आईंची शिवण अचानक वाकडी जायला लागली. मशिन डुलत होतं. एका पायाखालचा तुकडा गेला होता. एकाच अभ्र्याच्या मधोमध ती शिवण परत सरळ झाली. म्हणजे शिवता शिवता तुकडा जागेवर आला. आता तो तिथेच आहे. वर मशिनच्या पायाचा जुना खळगा, आणि एका बाजूला तिजोरीचा हिरवा रंग. यांनी पाहिला, मग मीही वाकून पाहिला."

कंपाउंडरच्या हातातली पेन्सिल थांबली. "ती ओल नव्हती..."

"पण तिजोरीखालून ओढला कसा?" वेल्डरने विचारलं. "म्हाताऱ्या माणसाला?"

"दोर ताणल्यावर तिजोरी बोटभर वर गेली होती. सगळा भार दोरावर. पाचरी नुसत्या टेकून होत्या. लहान मूलही उचलू शकलं असतं. तुकडा दादांनी खाली नेला, हे त्यांना पावलांवरून कळलं असणार. त्या कठडा धरून उतरल्या. फळीच्या कडेला हात लागला, तिथे आपला तुकडा. वर काय उभं आहे, ते त्यांना दिसत नव्हतं. काम झालेलं दिसतंय, असं समजून घेऊन गेल्या. बाकी तिघांपैकी फळीशी कोणी थांबलं नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्यांचे कान खरे मानले, तर उरतं कोण?"



वहिनींनी टॉवेल तोंडात दाबला. ड्रायव्हर उठून त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला, पण खांद्यावर हात ठेवायचं त्याला धैर्य झालं नाही.

"त्यांना माहीत आहे?" धाकट्याने विचारलं.

"नाही. पाचर गेल्यामुळे झालं, हे त्यांच्या कानावर पडलेलं नाही."

"मग मी सांगतो फौजदारांना. चुकून मीच काढली म्हणतो. नाहीतरी दोर माझ्याच हातून..."

"खोट्यावर मी मान डोलावणार नाही," बाई म्हणाल्या. "फौजदारांना मी सगळं खरं सांगणार. ते अपघात म्हणून मिटवतील, माणूस समजूतदार आहे. तुमच्यापुरता प्रश्न सुटला. दादांनी सांगितल्यावर तुम्ही दोर सोडला, तुमची चूक नाही."

"आणि आई?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते मला सोडवता येत नाही."

"आयुष्यभर एका घरात राहायचं," वहिनी म्हणाल्या. "रोज त्यांना वाढायचं, त्यांच्याशी बोलायचं. आणि गप्प बसायचं. कसं हो?" त्या बाईंकडे बघत होत्या, जणू वर्गात फळ्यावर उत्तर येईल. मग त्या धाकट्याकडे वळल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "भावोजी, मी तुमच्याबद्दल नको नको ते बोलले."

"असू द्या, वहिनी."

"घरी चला."

बाई आणि कंपाउंडर निरोप घ्यायला दारापर्यंत गेले. धाकटा आत शिरला तसा आईंचा चेहरा वर झाला.

"आलास? कुठे होतास रे इतके दिवस? ये, जवळ ये." त्यांनी त्याचं डोकं, कान, गाल चाचपले. "वाळलास. हिने तुला बाहेर ठेवलं, मला आवडलं नाही ते. तू असं करशील का कधी!"

त्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"त्या आलेल्या बाईंना सापडला का तो?" आईंनी सुनेला विचारलं. "ज्याने हे केलं तो?"

वहिनी भिंतीला टेकल्या. "नाही, आई."

"सापडेल. सापडला ना, की आधी माझ्यापुढे आणा. मी काही बोलणार नाही, शिव्याशाप देणार नाही. फक्त एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवीन. असं करणारा माणूस असतो तरी कसा, ते मला बघायचंय."

त्यांनी सुनेच्या दिशेने मान वळवून विचारलं, "आणाल ना?"

"हो, आई," वहिनी म्हणाल्या, आणि आईंचं पान वाढायला आत गेल्या.